चुन्याच्या डबीतलं मीठ

म्हस्कूनं तंबाखू एका दिवसात सोडली. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि पठ्ठ्यानं दवाखान्याच्या पायरीवरच चंची झटकून रिकामी केली. चाळीस वर्षांची सवय, पण पुन्हा नाव काढलं नाही. कळस गावच्या पारावर आठवडाभर त्याचीच चर्चा चालली होती. त्यामुळं मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोला, आक्काबाईला वाटलं, तंबाखू सोडणाऱ्या माणसाला मिठाचं काय एवढं!

बाई तिथंच फसली.

म्हस्कूचा रक्तदाब दोनशेच्या घरात गेला होता. ही दोनशेची भानगड आक्काबाईला एरवी फारशी कळली नसती, पण थोरल्या दिराचं उदाहरण घरातच घडलेलं होतं. गेणू त्याचं नाव. तीन वर्षांमागं तो बांधावर बसल्याजागी कलंडला, अर्धं अंग लुळं पडलं, आठ महिने खाटेवर काढले आणि मग उठला तो चौघांच्या खांद्यावरच. त्याचं भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं आक्काबाईनं केलं होतं. डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देता देता म्हणाल्या, "मामा, निम्मं काम गोळ्या करतील. निम्मं तुमच्या ताटात आहे. मीठ आवरलं नाहीत तर भावाच्या वाटेनं जाल." म्हस्कू छताकडं बघत बसला. आक्काबाई मात्र त्याच्या तोंडाकडं बघत होती. या माणसाला त्या खाटेवर मी पडू द्यायची नाही, असं तिनं तिथंच मनाशी पक्कं केलं.

आक्काबाई कशी, हे सांगायला हवं. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की हळू बोलली तरी शेजारचं घर दचकावं. जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणजे चौकटी-दाराचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बिऱ्हाड असा धनगरांचा चालता संसार. दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला देशावर परतायचं. लग्नानंतरही तेच. बारा वर्षांपूर्वी म्हस्कूनं मेंढरं विकली, दोन एकरांत ऊस लावला, पोरगा मल्हार बारामतीच्या कंपनीत लागला आणि पायांची चाल थांबली. आवाज तेवढा मेंढरं हाकायचाच राहिला.

तर मीठ. आक्काबाईनं पहिल्याच दिवशी आमटी-भाजीत नावाला मीठ टाकलं. म्हस्कूनं दोन घास खाल्ले, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाला, "प्वाट भरलं."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. माणूस रागावला तर भांडता येतं, ताट आपटलं तर आपणही तांब्या आपटावा. पोट भरलं म्हणणाऱ्याशी कोण काय भांडणार? दोन भाकरी खाणारा गडी चतकोरावर आला. पंधरा दिवसांत बंडी अंगावर लोंबायला लागली. गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्यायचा, पण रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं आणि मग उरलेला घासही जात नसे.

"अवं, दोन घास तरी खावा," ती म्हणायची.

"माती खाल्ल्यावानी लागतंय गं. म्या काय करू?" तो म्हणायचा. आणि खरंच त्याचा इलाज नव्हता. चाळीस वर्षं ज्यानं उन्हातान्हात भाकरीवर मीठ-मिरची घेऊन दिवस काढले, त्याच्या जिभेला मिठाशिवाय अन्न ओळखूच येत नव्हतं.

सून माधवी शिकलेली. तिनं बारामतीहून गुलाबी सैंधव आणलं आणि एखादं चांगलं स्थळ जमवल्यासारख्या उत्साहानं सांगितलं, "आत्या, हे साधं मीठ न्हाय. हे चालतंय म्हंत्यात." आक्काबाईनं तिच्याच फोनवरून दवाखान्यात विचारून घेतलं. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, साडी बदलली म्हणून बाई बदलत नाही. तेही मीठच." सैंधवाची पिशवी फडताळात मागं गेली.

पेच असा होता. मीठ दिलं तर माणूस हातचा जाणार, नाही दिलं तर उपाशी वाळणार. असल्या पेचात दुसरी एखादी देवाला नवस बोलली असती. आक्काबाईला तिच्या आईचा पाल्याच्या मिठाचा दगड आठवला.

वाड्यावर भाजी कुठली? महिनामहिना भाकरी आणि पाल्याचं मीठ यावरच निघायचं. कोकणातल्या मिठागरावरून खडेमीठ आणायचं आणि वाटेत जो हिरवा पाला मिळेल तो त्याच्याबरोबर सपाट दगडावर रगडायचा. देशावर लसणाची पात आणि कोथिंबीर, घाटाच्या तोंडाला कढीलिंब, खाली उतरलं की ओली मिरची आणि आमसुलाची साल. मीठ पाल्याचा रस पिऊन हिरवंगार व्हायचं. मग ते सावलीत फडक्यावर पसरायचं, वाळलं की पुन्हा रगडायचं आणि गाडग्यात भरायचं. उन्हात वाळवलं की वास उडून जातो, हे आक्काबाई सहा वर्षांची असताना आईच्या हातचा धपाटा खाऊन शिकली होती.

तिनं परसात फिरून ओव्याची पानं खुडली, कढीलिंब ओरबाडला, शेजारच्या वावरातून लसणाची पात मागून आणली. पाटा-वरवंटा धुतला आणि बसली. दोन दिवसांनी भाकरीवर चिमूटभर हिरवं मीठ आणि थेंबभर तेल घालून तिनं म्हस्कूपुढं ठेवलं. म्हस्कूनं घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग दोन भाकरी संपवल्या आणि तिसरीचा चतकोर मागून घेतला. चुलीपुढं बसलेल्या आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. तिला इतकं बरं वाटलं, की भाकरी तव्यावर करपली तरी कळलं नाही.

आता इथं तिनं जी चूक केली, ती एखाद्या धनगराच्या लेकीनंच करावी. मेंढरांना आठ-पंधरा दिवसांनी मीठ लागतं. ते सपाट दगडांवर पसरून ठेवतात, मेंढरं येऊन चाटतात. आक्काबाईनं जन्मभर पाहिलं होतं, की मेंढरू अंगाला लागेल तेवढंच मीठ चाटतं आणि तोंड फिरवतं. मारून मुटकून त्याला पुढं चाटवता येत नाही. तिनं विचार केला, मुक्या जितराबाला जर आपलं माप कळतं, तर या शहाण्याला कळणार नाही? लपवाछपवीनं हाव वाढते. म्हणून तिनं भाजी-आमटीतलं मीठ बंद केलं आणि पाल्याच्या मिठाची वाटी सरळ म्हस्कूच्या पुढ्यात ठेवून दिली. लागेल तेवढं घ्या.

तीन आठवडे घर सुखात होतं. म्हस्कू जेवत होता. अंगावर मांस चढलं. गल्लीतल्या बाया वाटी घेऊन मीठ मागायला येऊ लागल्या. आक्काबाई भाव खाऊन सांगायची, "औषिद हाय ते, मीठ न्हवं." वाटी रिकामी झाली की ती भरायची, पुन्हा रिकामी झाली की पुन्हा भरायची. माणूस जेवतोय या आनंदात वाटी किती वेळा भरली ते मोजायचं तिला सुचलंच नाही.

एका सकाळी उसाला पाणी देताना म्हस्कूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. खोरं टाकून तो पाटाच्या दाऱ्यावर खाली बसला आणि बसल्या जागेवरून त्याला उठता येईना. शेजारच्या दीपकनं त्याला जीपमध्ये घातलं. कळस ते इंदापूर आक्काबाई त्याचा डावा हात दाबत बसली होती. "हालवा. बोटं हालवा," एवढंच म्हणत होती. बोटं हलत होती. पण मनात सारखा गेणू दिसत होता.

बोटं हलत होती म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, तपासलं, आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला होता. "मामा काय खातात, ते सांगा."

आक्काबाईनं सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं, की भाजीत मीठ नाही, आमटीत नाही, फक्त वाटीतलं.

"वाटी केवढी?"

तिनं हातानं दाखवली.

"किती दिवस पुरते?"

"चार दीस," आक्काबाई म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिचा आवाज बसला. तिनं मेंढरांची गोष्ट सांगून बघितली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेंढरू गरजेसाठी चाटतं, मावशी. चवीसाठी नाही. आणि तुम्ही तर ते भलतंच चवदार केलंत."

बाहेर बाकड्यावर येऊन आक्काबाई रडली. घशातून आवाज न काढता रडायची तिला सवय नव्हती, त्यामुळं सगळा दवाखाना बघायला लागला. त्यानं मागितलं नव्हतं, हे तिला टोचत होतं. तो बिचारा पोट भरलं म्हणून गप बसला होता. मीच वाटी भरली, मीच पुढ्यात ठेवली, मीच याला त्या खाटेकडं ढकलत होते. एवढं वाईट तिला गेणू गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग तिनं नाक पुसलं, उठली आणि नंबर नसताना सरळ आत गेली.

"बाई, एका दिवसाचं मीठ किती, ते मला डोळ्यानं दावा. आकडा सांगू नगा."

डॉक्टरीणबाईंनी चहाचा चमचा मागवला. त्यात मीठ भरून बोटानं सपाट केलं. वरून थोडं कमी केलं. "सगळ्या दिवसाचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाहेरचा वडा नाही, लोणचं नाही, पापड नाही."

आक्काबाईनं तो चमचाच मागून घेतला. डॉक्टरीणबाईंनी दिला. एवढं मोठं इस्पितळ एका चमच्यानं काही बुडत नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने आक्काबाईच्या घरात जे चाललं होतं, त्याला स्वयंपाक म्हणावं की झुंज, हे माधवीला कळत नव्हतं. एक चमचा मिठात तीन चमचे पाला बसवायचा आणि तरी जिभेला मीठ भरपूर लागलं पाहिजे, असा चंग तिनं बांधला. शेवग्याचा पाला घातला, तर कडवट झालं. पुदिना नीट वाळायच्या आत भरला, तो काळा पडला आणि बुरशी धरली. नुसती मिरची वाढवली तर म्हस्कूला ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं तिनं आधी स्वतः खाल्लं. कारण तिनं त्या दिवसापासून स्वतःचंही मीठ त्याच चमच्यावर आणलं होतं. "त्यास्नी खारट लागतंय का अळणी, हे मला माझ्या जिभेनं कळाय पायजे," असं ती माधवीला म्हणाली. "तुझं न् मल्हारचं तू तुझं घाल."

हळूहळू तिला गोम सापडत गेली. आंबट असेल तिथं जीभ मीठ कमी मागते. मग तिनं लिंबाच्या साली वाळवल्या, पांढरा कडू भाग सुरीनं खरवडून. कैरीच्या फोडी सावलीत टाकल्या. कारळं भाजून घातलं, त्यानं खमंगपणा आला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की खडा दाताखाली यायची वाट जिभेला बघायला लावायची नाही. मीठ पिठासारखं बारीक करून घासाच्या वरच भुरभुरायचं. आमटीत उकळलेलं मीठ पोटात जातं पण जिभेला भेटत नाही. वर भुरभुरलेलं आधी जिभेलाच भेटतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाट्यावर सतरा वेळा रगडून आणि सतरा वेळा चाखून तिनं ते काढलं होतं.

राहिलं माप. पुन्हा वाटी ठेवायची नव्हती. आणि प्रत्येक घासाला आपण उठून चिमूट वाढायची, हे म्हस्कूला अपमानाचं वाटलं असतं. कोनाड्यात त्याची जुनी चुन्याची डबी पडली होती. एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना. तिनं ती चिंचेनं घासली, उकळत्या पाण्यातून काढली, चुलीच्या उबेला कोरडी केली. तंबाखूच्या खणात एक दिवसाचं मीठ पाल्यासकट बरोबर बसलं. डबी घेऊन ती इंदापूरला गेली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चमच्यानं मोजून बघितलं, चिमूटभर चाखलं, पुन्हा चाखलं. "चालेल," म्हणाल्या. "पण डबी एकदाच भरायची."

सकाळी आक्काबाईनं डबी म्हस्कूपुढं ठेवली. हातात दिली नाही. मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं. ही रीत घरात सगळे पाळत.

"हे आजचं. तुमच्या खिशात ठिवा. कवा खायचं, किती खायचं, तुमचं तुमी बघा. संपलं की उद्याच्याला."

"आन् दुपारीच संपलं तर?"

"तर सांच्याला अळणी."

"मी काय कैदी हाय का गं?"

"कैद्याला फुकट मिळतंय. हितं म्या राबतीया," आक्काबाई म्हणाली आणि स्वतःची डबी कनवटीला लावली. बाजारातून तिनं स्वतःसाठी तसलीच एक आणली होती.

पहिल्या दिवशी म्हस्कूची डबी न्याहारीलाच संपली. संध्याकाळी त्यानं पुन्हा पोट भरल्याचं सांगितलं. आक्काबाईचं काळीज तुटत होतं. फडताळातली बरणी हाताच्या अंतरावर होती. उठली नाही. स्वतःच्या डबीतलं उरलेलं अर्धं मीठही तिनं त्याला दिलं नाही, कारण आज अर्धं दिलं तर उद्या तो त्याची वाट बघणार. समोर बसून तीही अळणीच जेवली. पाचव्या दिवशी म्हस्कूनं दुपारपर्यंत डबी पुरवली. आणि आठव्या दिवशी तो शेजारी उसन्याला गेला.

शेजारी दीपकची आई कौसल्या अंगणात शेंगा फोडत होती. म्हस्कूनं हात पुढं केला. "वैनी, जरा चिमूटभर मीठ टाका वं हातावर."

"हातावर? आणि माझं न् तुमचं भांडाण लावता व्हय?"

म्हस्कूनं खिशातून रिकामी डबी काढून जमिनीवर ठेवली. "मंग ह्यात टाका."

डबी बघताच कौसल्या खोखो हसायला लागली. आक्काबाई आदल्या दिवशीच गल्लीतल्या अकरा घरांना सांगून गेली होती, की आमचे हे डबी घेऊन येतील. जी त्यात मीठ टाकील तिच्या दारात मी येऊन बसेन. आणि आक्काबाई दारात येऊन बसण्यापेक्षा म्हस्कूशी भांडण झालेलं परवडलं, असं गल्लीचं एकमत होतं. म्हस्कू हात हलवत परत आला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं डबीचं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "लिंबू जास्त घातलंस का गं?" आक्काबाई म्हणाली, "व्हय." तेवढ्यावर अबोला सुटला.

डबी सुरू होऊन तीन महिने झाले. आकडा उतरला, आणखी उतरला. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी कमी केली. पण जाताना म्हणाल्या, "घरात जमलं, मावशी. खरी परीक्षा बाहेरच्या ताटात. एका जेवणानं काही होणार नाही, पण जुनी चव परत तोंडाला लागली, की ही डबी विहिरीत गेली म्हणून समजा."

आणि त्याच आठवड्यात पिंपळीचं आवतण आलं.

बारामतीजवळच्या पिंपळीला म्हस्कूची धाकटी बहीण धोंडाबाई दिलेली. तिच्या नातवाचं जावळ होतं, म्हणजे बकरं आलंच. धोंडाबाईच्या हातचं मटण म्हटलं की म्हस्कू दोन दिवस आधीपासून पोट रिकामं ठेवणारा. आक्काबाईला वाटलं, काहीतरी निमित्त काढून टाळावं. मग तिला स्वतःचाच राग आला. किती दिवस टाळणार? बहीण-भावानं एकमेकांना टाळून जगायचं, ते काय जगणं? दोघं बारामतीच्या एसटीत बसली.

धोंडाबाईचा नवरा जोतीराम हा मोठा बोलघेवडा. मांडवात पोचल्या पोचल्या त्यानं म्हस्कूच्या बंडीच्या खिशातली डबी हेरली. "काय पावणं, तंबाखू परत चालू?" म्हणून त्यानं ती ओढून काढली, उघडली, हुंगली. काय आहे ते म्हस्कूच्या तोंडून ऐकलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अरं बघा रं! वैनीनं पावण्याला मिठाचं रेशन लावलंय!"

माणसं हसली. म्हस्कूही कसनुसा हसला. जोतीरामनं डबी आपल्या खिशात टाकली. "आज ही माझ्याकडं. आज आमच्या घरचं मीठ खायचं. भाचीच्या पोराचं जावाळ हाय, दवाखाना न्हवं." भाची नव्हे, सून होती ती, पण जोतीरामला बोलताना नाती सुचत तशी लागत.

पुरुषांची पंगत बसली. आक्काबाई हंड्याजवळ भाकऱ्यांची चळत लावत होती. तिथून तिला म्हस्कूचं ताट दिसत होतं. रस्सा पडला, वर तर्री पडली, मटणाच्या फोडी पडल्या. पंगतीत जाऊन ओरडणं तिला अवघड नव्हतं, ती दोन पावलं पुढं गेलीसुद्धा. पण चार माणसांत आत्ताच त्याचं हसं झालं होतं. आता बायकोनं येऊन ताट ओढलं तर तो जन्मात मान वर करणार नाही. आणि किती दिवस आपण त्याच्या घासावर पहारा करणार? ती थांबली. तिच्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं आणि ते तीन महिने करून झालं होतं. हातातल्या भाकरीचे तुकडे पडले तरी ती तिथंच उभी राहिली.

म्हस्कूनं घास घेतला. चावला. थांबला. पाणी प्याला. दुसरा अगदी लहान घेतला, आणि पुन्हा पाणी.

जोतीराम पळी घेऊन आला. "घ्या पावणं, वाढतो!"

म्हस्कूनं ताटावर आडवा हात धरला. "नगं. मीठ लई हाय."

आजूबाजूच्या दोघांतिघांनी चाखून बघितलं. मीठ बेताचंच होतं. धोंडाबाई हंड्यामागून तरातरा पुढं आली. तीस वर्षं तिच्या मटणाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते सख्ख्या भावानं, सगळ्यांच्या देखत.

"दादा, तोंडाची चव गेली का रं तुझ्या?"

"माझी न्हाय गेली," म्हस्कू शांतपणे म्हणाला. "तुमची गेलीया." मग जोतीरामकडं बघून म्हणाला, "पावणं, माझी डबी ठिवा हितं."

जोतीरामनं निमूट डबी ताटाशेजारी ठेवली. म्हस्कूनं कोरडी भाकरी घेतली, कांदा घेतला, वर चिमूट भुरभुरली आणि खायला लागला. दोन फोडी खाल्ल्या त्या रस्सा निथळून.

आक्काबाईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिच्या मनात आलं, हा नाटक करतोय. माझी लाज राखायला, चारचौघांत माझं हसं झालं ते भरून काढायला हा बहिणीला दुखवून खोटं बोलला. आज मन मारलं, पण आतून तो त्या रश्श्यावरच आहे. उद्या नाहीतर परवा, कुठल्यातरी हॉटेलात, माझ्यामागं, ती चव त्याला ओढून नेणारच. तीन महिने आपण त्याचा हात बांधला, जीभ आहे तिथंच आहे.

बायकांची पंगत बसली. धोंडाबाई घुश्श्यातच होती. तिनं सगळ्यांआधी आक्काबाईच्या ताटात काठोकाठ वाटी ठेवली आणि समोर कमरेवर हात देऊन उभी राहिली. "खा वैनी. आन् तूच सांग आता, मीठ जास्त हाय का बेताचं?"

नणंदेचा मान राखायचा, 'बेताचं हाय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हे आक्काबाईनं बसतानाच ठरवलं होतं. तिला स्वतःलाही तीन महिन्यांनी मटण दिसत होतं. वास नाकात शिरला होता. तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला.

जिभेला एकदम चटका बसला. मसाल्याचा नव्हे, तिखटाचा नव्हे. मटणाची चव कुठं लागेचना, नुसतं मीठ, जसं मिठागरातलं पाणी घोटभर तोंडात घ्यावं. तिनं घास कसाबसा गिळला आणि हात आपोआप तांब्याकडं गेला. घटाघटा पाणी प्याली. डोळे भरून आले होते, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. धोंडाबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"काय झालं गं?"

आक्काबाईनं वाटी हळूच बाजूला सरकवली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचा भाऊ खोटं बोलला न्हाय."